बैलांना नावानं हाक मारणे

इंग्रजी : पीस ऑफ केक
पोर्तुगीज : ए कांझा
शब्दशः : ही कोंबडीची पेज आहे
मराठीत : हातचा मळ
उदाहरण : ही मुलाखत म्हणजे नुसती पेज आहे.

उदाहरण स्नेहानं सिंधूताईंना धीर यावा म्हणून लिहिलं होतं. पुस्तिका मात्र सगळ्यांसाठी होती. नाशिकमधल्या एका भाषा शिकवणाऱ्या कंपनीनं स्नेहा पगारेला काम दिलं होतं : रोजच्या बोलण्यातले इंग्रजी शब्द आणि वाक्प्रचार घ्यायचे, समोर पोर्तुगीज लिहायचं, मराठी माणसाला कळेल असा अर्थ द्यायचा आणि प्रत्येकाला एक उदाहरण जोडायचं. निफाड-सिन्नरकडची माणसं हल्ली पोर्तुगालला बेरी तोडायला जातात. त्यांना इंग्रजी अर्धंमुर्धं येतं, पोर्तुगीज अजिबात नाही. स्नेहानं गोव्यात राहून पोर्तुगीजमध्ये एम.ए. केलं तेव्हा कॉलनीतले लोक विचारायचे, याचं पुढे काय करणार. आता तेच लोक भाच्या-पुतण्यांना तिच्याकडे पाठवतात.

कंपनीतले शेखर सर प्रत्येक नोंद तपासून खाली शेरा मारत.

शेरा : केक म्हटलं की केक हवा. पेज कुठून आली?
स्नेहाचं उत्तर : पेजेला ते कांझा म्हणतात. शब्द केरळातून गेला. परत आणता येणार नाही.


इंग्रजी : बेटर हाफ
पोर्तुगीज : कारा-मताद
शब्दशः : लाडका अर्धा भाग
मराठीत : (जिचं तिनं ठरवावं)

सिंधूताई म्हणजे सिंधुबाई वडघुले. निफाडच्या पुढच्या गावातून एसटीनं यायच्या, नाशिकच्या उपनगर स्टॉपला उतरायच्या, आणि स्नेहाच्या घरी पुढच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्चीवर पदर नीट करून बसायच्या. त्यांचे यजमान नाथा वडघुले द्राक्षाच्या छाटणीतले पक्के गडी. मुलगी पूजा चौथीत होती तेव्हा ते पोर्तुगालला गेले. तिथे समुद्रालगत प्लास्टिकच्या बोगद्यांमध्ये रास्पबेरी लावतात, तिथली छाटणी करतात. पूजाचं लग्न होऊन ती घोटीला गेली, तेव्हापासून सिंधूताई घरात एकट्या. नाथानं बायकोला नेण्यासाठी अर्ज केला होता. अर्ज मंजूर होण्याआधी एक मुलाखत व्हायची होती, व्हिडिओवर.

"वकील म्हणतो, दोघांना निरनिराळं विचारणार," सिंधूताईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. "लग्न कुठं झालं, घरात खिडक्या किती, शेवटचं भांडण कशावरून झालं. उत्तरं जुळली तर लग्न खरं. नाय जुळली तर कागदावरचं. तशी लय लोकं पकडलीत म्हणं तिकडं."

मुलाखत इंग्रजीत किंवा पोर्तुगीजमध्ये होणार होती. मराठीची सोय नव्हती. सिंधूताईंनी पोर्तुगीज निवडलं.

"इंग्रजीत मी दहावीला नापास झालेय," त्या म्हणाल्या. "पोर्तुगीजमध्ये मला अजून कुणी नापास केलेलं नाय."

त्या भराभर शिकत होत्या. अडचण एकाच प्रश्नाची होती.

"कोमु स शामा उ सेउ मारीदु?" स्नेहानं विचारलं. तुमच्या नवऱ्याचं नाव काय?

"कारा-मताद."

"ते नाव नाही, ताई."

"ठावं हाय मला."

"मग नाव सांगा."

"पूजाचे पप्पा."

"पोर्तुगीजमध्ये."

"पाइ दा पूजा."

"बरोबर आहे. पण तेही नाव नाही."

"मॅडम, तुम्ही शिकवाल ते मी शिकते," सिंधूताई म्हणाल्या. "एवढं एक सोडून."

स्नेहाची आई शकुबाई चहा घेऊन आली होती. ती दारातच थांबली.

"अगं, घे की नाव. मी रोज घेते. हाक मारल्याशिवाय हा माणूस उठतोय कुठं? संपत! ए संपत!"

गॅलरीतून स्नेहाच्या वडिलांचा आवाज आला, "काय गं?"

"काही नाही, बस," शकुबाई म्हणाली. मग सिंधूताईंकडे वळून, "बघ. जिवंत आहे."

"तुमच्याकडचं निराळं असतं हो, मावशी."

शकुबाईनं ट्रे खाली ठेवला. "निराळं काय असतं? शुगर त्यालापण आहे."

"तसं नव्हतं म्हणायचं मला."

"मग कसं होतं?"

सिंधूताईंनी पदर सावरला. कान लाल झाले होते.

"चहा घे," शकुबाई म्हणाली. "गार होतोय."


इंग्रजी : किक द बकेट
पोर्तुगीज : बातेर आ बोता
शब्दशः : बूट आपटणे
मराठीत :
उदाहरण :

ही नोंद सिंधूताईंनी वाचायला नकार दिला. 'मरणे' हा अर्थ कळल्यावर त्यांनी आधी मोबाईल पालथा घातला, कारण स्क्रीनवर नाथाचा फोटो होता.

"असलं तुमच्यापाशीच ठेवा," त्या म्हणाल्या.

"शब्द आहे नुसता."

"शब्दच असतोय, मॅडम." मग त्यांनी बँकेतली गोष्ट सांगितली. "केवायसीला गेले हुते. खिडकीतला पोरगा म्हणाला, पतीचं पूर्ण नाव बोला. मी फॉर्म पुढं केला. म्हणलं, ह्यात लिहिलेलं हाय. तो म्हणाला, बोला. माझ्यामागं ही एवढी लाईन. मी बोलले. मागं-पुढं काही न लावता, नुसतं. घरी आले, गुरांना पाणी पाजलं, अन् फोन आला. हे बोगद्याच्या सांगाड्यावरून पडले. खांदा मोडला."

"ताई, त्याचा नावाशी काही संबंध…"

"नसंल. मीबी शाळेत गेलेय. पण माझ्या जागी तुम्ही असत्या, तर परत बोलल्या असत्या का?"

स्नेहा पुढच्या नोंदीकडे वळली. तिचं लग्न झालेलं नव्हतं, आणि तिच्या ओळखीचं कुणी कुठल्या सांगाड्यावर चढत नव्हतं.

शेरा : मराठी अर्थ आणि उदाहरण राहिलं आहे.
स्नेहाचं उत्तर : हो.


इंग्रजी : कॉल अ स्पेड अ स्पेड
पोर्तुगीज : शमार उश बोइश पेलुश नोमश
शब्दशः : बैलांना त्यांच्या नावानं हाक मारणे
मराठीत : जे आहे ते आडपडदा न ठेवता सांगणे

"हे म्हणजे आपलंच की," सिंधूताई म्हणाल्या. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. "बैलाला त्यांच्यातबी नाव ठेवत्यात?"

"ठेवतच असणार. तुमच्याकडे आहेत बैल?"

"जोडी हाय. म्हातारी. ट्रॅक्टर आला, पण ह्यांनी विकू दिली नाय. पुढारी अन् गुलब्या."

"पुढारी?"

"काम करत नाय. नुसता पुढं उभा ऱ्हातो."

मग सिंधूताईंनी खुर्चीच्या हातावर बोटानं काहीतरी जुळवलं आणि एकदम म्हणाल्या, "उश मेउश बोइश शामां-स पुढारी ई गुलब्या." माझ्या बैलांची नावं पुढारी आणि गुलब्या.

असं वाक्य पुस्तिकेत कुठेच नव्हतं. स्नेहानं त्यात चूक शोधली. सापडली नाही.

"आता हेच वाक्य," ती म्हणाली, "बैल काढायचे, नवरा घालायचा."

"आत्ता आल्या का परत तिथंच."

शेरा : इंग्रजीत फावडं आहे, पोर्तुगीजमध्ये बैल. वाचक गोंधळेल. बैल काढता येतील का?
स्नेहाचं उत्तर : नाही.


इंग्रजी : व्हेन पिग्ज फ्लाय
पोर्तुगीज : क्वांदु अश गालीन्याश तिवेरैं देन्तश
शब्दशः : कोंबड्यांना दात येतील तेव्हा
मराठीत : शकुबाईनं रेडा सुचवला. पण रेडा बोलला होता असं म्हणतात, त्यामुळे बाद.

नाथाला रविवारी सुट्टी असायची. एका रविवारी स्नेहानं त्याला व्हिडिओवर घेतलं. तो रापलेला होता, दाढी वाढलेली, मागे भिंतीवर कुणाचं तरी जाकीट लटकत होतं.

"दादा, तुम्हीच सांगा यांना," स्नेहा म्हणाली.

"घेऊन टाक की नाव," नाथा म्हणाला. "हितं दिवसभर नाथा-नाथा चालूच असतं. शेडमधल्या बाया तर घटकंघटकंला हाका मारत्यात. मेलो का मी?"

"कोणत्या बाया?"

"पॅकिंगच्या गं."

"पॅकिंगच्या बायांना घटकंघटकंला काय काम असतं?"

"क्रेट उचलायला बोलवत्यात."

"त्यांना हात नायत का?"

"आता ह्यात हात कुठनं आले?"

"तेच इचारते मी."

स्नेहानं खिडकीबाहेर पाहिलं. समोरच्या इमारतीत कुणीतरी गच्चीवर कुरडया घालत होतं.

"त्या काय तुमच्या बायका नायत," सिंधूताई पुढे म्हणाल्या. "त्यांनी घेतल्यानं काय व्हायचंय. ज्याचं त्याला लागतं."

"म्हणजे तू घेणार नाय?"

"क्वांदु अश गालीन्याश तिवेरैं देन्तश," सिंधूताई म्हणाल्या.

नाथा खुर्चीवरून घसरेपर्यंत हसला. स्नेहानं सिंधूताईंच्या नावापुढे उच्चारासाठी पूर्ण गुण दिले.


इंग्रजी : नाही
पोर्तुगीज : नाही
मराठीत : उखाणा

ही नोंद पुस्तिकेत गेलेली नाही.

युक्ती शकुबाईची. "लग्नाकार्यात नाव घेता ना तुम्ही बायका? की तेव्हाही कोंबडीला दात?"

"उखाण्यात घेतो. त्याला दोष नसतो," सिंधूताई म्हणाल्या. उखाण्यात नाव एकटं नसतं. मागे-पुढे चार शब्द असतात, ते त्याला सांभाळतात.

"मग उखाणाच घे मुलाखतीत. पोर्तुगीजमध्ये."

स्नेहाला हे हास्यास्पद वाटलं. अर्ध्या तासानं ती स्वतःच यमक शोधत होती. 'रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज'ची नोंद नुकतीच झाली होती. पोर्तुगीजमध्ये कुत्री-मांजरं नाहीत, घागरीनं पाऊस पडतो, शोव आ कान्तारुश. पाऊस सिंधूताईंनी निवडला. रस्त्याला रूआ म्हणतात हे त्यांना एसटी स्टँडच्या धड्यापासून पाठ होतं. 'कारा-मताद' तर त्यांचा आवडताच शब्द.

शोव आ कान्तारुश नु कांपु, शोव आ कान्तारुश ना रूआ,
नाथा ए आ मीन्या कारा-मताद, ई एउ सो आ सूआ.

शेतात घागरीनं पाऊस, रस्त्यातही घागरीनं. नाथा माझा लाडका अर्धा, आणि मी त्याची.

सिंधूताईंनी तो म्हटला. नाव आलं तिथे आवाज थोडा खाली गेला, पण नाव आलं.

"एकच वाटतं," त्या म्हणाल्या. "हा उखाणा हाय हे देवाला कळंल का? त्याला पोर्तुगीज येतं?"

"गोव्यात इतकी वर्षं देवळं आहेत," शकुबाई म्हणाली. "कानावर पडलंच असेल."


इंग्रजी : किल टू बर्ड्स विथ वन स्टोन
पोर्तुगीज : मतार दोइश कुएल्युश द ऊमा काझादादा सो
शब्दशः : एका काठीत दोन ससे मारणे
मराठीत : एका दगडात दोन पक्षी
उदाहरण : नाथानं एका काठीत दोन ससे मारले, असं नाथाला वाटलं.

नाथाची मुलाखत एक दिवस आधी झाली. ती संपल्या संपल्या त्यानं फोन केला. सिंधूताई तेव्हा स्नेहाकडेच होत्या, शेवटची तयारी चालली होती. फोन स्पीकरवर ठेवला.

"झ्याक झाली," नाथा म्हणाला. "बाई चांगली हाय. खिडक्या सांगितल्या, पूजाचं लग्न सांगितलं. मंग म्हणाली, बायको तुम्हाला घरी काय हाक मारते? मी म्हणलं, नाथा."

स्नेहानं हातातलं पेन खाली ठेवलं.

"काय सांगितलं?" सिंधूताईंनी विचारलं.

"नाथा म्हणते म्हणलं. तिला वाटलं पाहिजे ना, ही माणसं आपल्यासारखीच हायत. अन् आता तुलाबी म्हणावंच लागंल. एका काठीत दोन ससे."

"दादा, ते उत्तरं जुळवतात," स्नेहा म्हणाली.

"मग जुळवा की. एकच शब्द हाय. इतकं पोर्तुगीज शिकवलं तुम्ही, ह्यो एक शब्द नाय का व्हायचा?"

"तुम्ही खरं का नाय सांगितलं?" सिंधूताई म्हणाल्या.

"काय सांगू? बायको मला अहो म्हणते? अहोचा अर्थ काय सांगू तिला? ती लिहून घेत हुती गं. मला लाज वाटली."

फोन ठेवल्यावर सिंधूताई बराच वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. गुंता सरळ होता. उद्या तोच प्रश्न त्यांना विचारला जाणार होता. 'अहो' म्हणाल्या तर उत्तरं जुळत नाहीत आणि लग्न कागदावरचं ठरतं. 'नाथा' म्हणाल्या तर जुळतात.

"उखाण्यात नाव घेतलंत ना," स्नेहा म्हणाली. "तसंच समजा."

"तसं नसतं, मॅडम. उखाण्यात नाव सांगायचं असतं. ही हाक हाय. हाक मारली का माणूस वळतो."

"इथे कोण वळणार आहे?"

"ते तिकडं सांगाड्यावर असतील," सिंधूताई म्हणाल्या, आणि एसटीची वेळ झाली म्हणून उठल्या.


इंग्रजी : कॅट गॉट युअर टंग
पोर्तुगीज : उ गातु कुमेउ-त आ लिंग्वा
शब्दशः : मांजरानं तुझी जीभ खाल्ली का
मराठीत : दातखीळ बसली का
उदाहरण : खाली पाहा.

मुलाखत दुपारी होती. निफाडला रेंजचा भरवसा नाही म्हणून ती स्नेहाच्या घरीच ठेवली. खोलीत दुसरं कुणी नको असा नियम होता, म्हणून स्नेहा आणि शकुबाई स्वयंपाकघरात, मध्ये पडदा. संपतरावांना गॅलरीत बसवून खोकू नका असं बजावलं होतं.

पडद्यातून दोन आवाज येत होते. लॅपटॉपमधली बाई मध्यमवयीन असावी, सावकाश बोलत होती.

लग्न कुठे झालं? माहेरी, शाळेच्या मैदानात. घरात खिडक्या किती? तीन, त्यातली एक उघडत नाही. शेवटचं भांडण कशावरून झालं?

"मुल्येरश," सिंधूताई म्हणाल्या. बायका. मग शब्द आठवून, "पॅकिंग."

लॅपटॉपमधली बाई हसल्यासारखं वाटलं.

नवऱ्याचं नाव?

सिंधूताईंनी उखाणा म्हटला. एका दमात, घागरीनं पाऊस शेतात, घागरीनं पाऊस रस्त्यात. स्नेहा पडद्यामागे ओठ हलवत होती.

"बोनीतु," बाई म्हणाली. छान. टाईप केल्याचा आवाज आला. मग पुढचा प्रश्न आला, तोच. घरी तुम्ही त्याला काय हाक मारता?

सिंधूताई गप्प.

बाईनं प्रश्न पुन्हा विचारला, अजून सावकाश. फ्रिजची मोटर सुरू झाली. शकुबाईनं हात लांब करून फ्रिजचं बटण बंद केलं.

"उ गातु कुमेउ-ल्य आ लिंग्वा?" बाईनं विचारलं. आवाजात राग नव्हता.

"नांउ," सिंधूताई म्हणाल्या. "उ गातु, नांउ." नाही. मांजर, नाही. आणि मग, "दीगु अहो." मी अहो म्हणते.

"तुमच्या नवऱ्यानं वेगळं सांगितलं आहे."

"सेइ." माहीत आहे.

"तो म्हणाला, तुम्ही त्याला नावानं हाक मारता."

"एल मेंतिउ."

स्नेहानं कपाळाला हात लावला.

"काय म्हणाली?" शकुबाईनं कुजबुजत विचारलं.

"नवरा खोटं बोलला म्हणाली."

"मग? बोललाच आहे."

का खोटं बोलला, असं बाई विचारत होती. यापुढचं काही शिकवलेलं नव्हतं. सिंधूताईंनी जमेल तसं सांगायला सुरुवात केली. क्रियापदं चुकत होती, पुल्लिंग-स्त्रीलिंगाचा मेळ नव्हता, मध्ये दोन शब्द सरळ मराठी गेले. त्याला लाज वाटते. माझ्या गावात बाई बैलांना नावानं हाक मारते. नवऱ्याला नाही. मी एकदा नाव म्हटलं. बँकेत. तो पडला. खांदा. "तेन्यु मेदु," त्या म्हणाल्या. मला भीती वाटते. "शमार, नांउ." हाक मारणार नाही.

बराच वेळ नुसता टाईप केल्याचा आवाज येत राहिला. मग बाईनं विचारलं, तुमच्याकडे खरंच बैल आहेत का?

"दोइश."

नावं काय?

"पुढारी ई गुलब्या." हे मात्र खणखणीत.

बाईनं पुढारीचं स्पेलिंग विचारलं. सिंधूताईंनी ते सांगितलं, एकेक अक्षर, अजिबात न अडखळता.


इंग्रजी : वी विल गेट बॅक टू यू
पोर्तुगीज : देपोइश दिझेमुश क्वाल्केर कोइझा
शब्दशः : नंतर काहीतरी सांगू
मराठीत : कळवू

कळवायला त्यांनी वेळ घेतला.

नाथानं पहिल्या दिवशी फोन केला. तो सिंधूताईंनी गोठ्यात घेतला, मुलाखतीत काय बोलल्या ते त्याला सांगितलं, आणि पुढचं बोलणं नंतर स्नेहाला जसंच्या तसं ऐकवलं.

"मला खोटारडा म्हणालीस?"

"खोटं बोलले म्हणलं. खोटारडा शब्द मला येत नाय अजून."

"परक्या माणसापुढं?"

"तुम्हीबी परक्या माणसापुढंच बोलला."

"एक शब्द हुता, सिंधू. वर्षानुवर्षं हितं मी एकटा चूल पेटवतोय, अन् तुला एक शब्द बोलवंना."

"तुमच्यासाठीच नाय बोलले."

त्यानंतर त्याचे फोन थांबले. सिंधूताई तरी येत राहिल्या. शिकायचं काय उरलं होतं हे स्नेहालाही माहीत नव्हतं, पण त्या ठरल्या वेळी येत, नव्या नोंदी मोठ्यानं वाचत, शकुबाईबरोबर चहा घेत. एकदा म्हणाल्या, नाय झालं तर नाय. पुढारीला कुणी सांभाळलं असतं. शकुबाई म्हणाली, खोटं तुझा नवरा बोलला तेवढं पुरे, तू नको बोलू.

शेरा : या आठवड्यात नोंदी कमी आल्या.


इंग्रजी : कॉल अ स्पेड अ स्पेड
(दुरुस्त नोंद)

नाथाला पुन्हा बोलावलं. बाई तीच होती. तिनं एवढंच विचारलं, तुमची बायको म्हणते तुम्ही खोटं बोललात, हे खरं का?

हे सगळं त्यानं नंतर फोनवर सांगितलं. स्पीकर चालूच होता.

"मी म्हणलं, सीं. हो. काय करता."

"मग?"

"मग म्हणाली, ती काय हाक मारते ते खरं सांगा. म्हणलं, अहो. तिनं कागदाकडं बघितलं. म्हणाली, अर्थ काय त्याचा? म्हणलं, अर्थ नाय, हाक हाय."

"अन्?"

"अन् म्हणाली, जुळवलेली उत्तरं मी रोजच ऐकते. कागदावरची बायको नवऱ्याला खोटं पाडत नाय. झालं म्हणाली. पत्र येईल."

सिंधूताईंनी पदर तोंडाला लावला. शकुबाई आतून म्हणाली, "काय झालं? कुणी सांगेल का मला?"

"जेवलात का?" सिंधूताईंनी फोनमध्ये विचारलं.

"नाय अजून. आता करतो."

"खांदा?"

"थंडीत दुखतो."

"तेल आणते येताना."

त्या संध्याकाळी स्नेहानं नोंद पूर्ण केली.

उदाहरण : सिंधू बैलांना नावानं हाक मारते.
शेरा : ठीक. फक्त पुस्तिकेत नावं पोर्तुगीज हवीत. सिंधूच्या जागी मारिया करा.

स्नेहानं मारिया करून पाहिलं. मग पुन्हा सिंधू केलं आणि फाईल तशीच पाठवली.

बैल दिराकडे गेले. पुढारी दोन दिवस वैरण खाईना, तिसऱ्या दिवशी खाऊ लागला. सिंधूताई निघाल्या तेव्हा शकुबाईनं त्यांना विमानात खायला शेंगदाण्याची पोळी दिली आणि म्हणाली, पोचलीस की कळव, नंतर काहीतरी सांगू नको.

व्हॉइस मेसेज आला तेव्हा स्नेहा भाजी निवडत होती. तिनं ओल्या हातानंच तो लावला. मागे विमानतळाचा गलका, कसलीतरी घोषणा, चाकांच्या बॅगांचा खडखडाट.

"मॅडम, पोचले. शकूमावशीलाबी सांगा. गर्दी लय. हे दिसंनात कुठं, फोनबी लागंना. शेवटी मोठ्यानं हाक मारली, अहो. तीन बाप्ये वळले. दोघं सटाण्याकडचे निघाले." मग कुणाशी तरी बोलल्यासारखं, फोनपासून दूर, "सांगते, सांगते, थांबा जरा," आणि पुन्हा जवळ येऊन, "तिसरे आपले."